अकापुल्कोचा हंगाम

विश्रांतीसाठीं म्हणून मनुष्य जेथें जातो, तेथें त्यानें इतिहास शोधूं नये, असें आमच्या एका स्नेह्यांचें ठाम मत आहे. त्यांच्यासमवेत मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील अकापुल्को या गांवीं आठ दिवस घालविण्याचा योग आम्हांस आला होता. ही गोष्ट २०२३ च्या वादळापूर्वींची. ईस्टरचा सण नुकताच उलटला होता, आणि सुटीचा हंगाम संपून वाळूवरच्या छत्र्या एकेक करून मिटूं लागल्या होत्या. अर्धचंद्राकृति उपसागर, पाठीशीं डोंगरांची उभी रांग, आणि पाण्याच्या कडेनें दाटीनें उभीं असलेलीं उंच हॉटेलें, असा तो देखावा होता. "येथें समुद्र आहे, सावली आहे आणि जेवण वेळेवर मिळतें, याहून अधिक कांहीं या गांवाजवळ मागणें म्हणजे त्याला उगाच त्रास देणें होय," असें स्नेही म्हणत.

त्यांचा हा निश्चय मोडला तो एका आंब्यानें. एके दिवशीं जेवणानंतर लांबट, पिवळा असा आंबा पुढें आला. त्याची चव पाहून स्नेह्यांनीं वाढणाऱ्यास त्याचें नांव विचारलें, तों "मनिला" असें उत्तर मिळालें. फिलिपाइन बेटांतील शहराचें नांव मेक्सिकोंतल्या आंब्यास कां असावें, हा प्रश्न त्यांच्यासारख्या आंबाभक्तास स्वस्थ बसूं देईना. आणि दुसऱ्या दिवशीं ते आपण होऊनच आमच्याबरोबर सान दिएगोचा किल्ला व त्यांतील वस्तुसंग्रहालय पाहण्यास निघाले.

या आंब्याची वाट १५६५ सालीं उघडली. मेक्सिकोहून पश्चिमेस फिलिपाइन बेटांकडे जाणें स्पॅनिश लोकांस पूर्वींच साधलें होतें, कारण त्या वाटेवर वारा पाठीशीं असे. परंतु त्याच वाऱ्यामुळें परतीचे प्रयत्न एकामागून एक फसले होते. आंद्रेस दे उर्दानेता या ऑगस्टिनियन पंथाच्या साधूनें जहाज उत्तरेस पुष्कळ वर नेऊन तेथील पश्चिमेचा वारा गांठला, व त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत तें अकापुल्कोस आणलें. तेव्हांपासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशें वर्षें, मनिला व अकापुल्को यांच्यामध्यें गॅलिअन नांवाचीं प्रचंड जहाजें बहुधा दरसाल ये-जा करीत राहिलीं. जून-जुलैंत मनिला सोडावें आणि डिसेंबर-जानेवारींत अकापुल्को गांठावें, असा क्रम असे. चीनचें रेशीम, चिनी मातीचीं भांडीं, मसाले व हिंदुस्थानचें सुती कापड हा माल येई, आणि मेक्सिकोच्या खाणींतली चांदी जाई. परतीच्या चांदीस पांच लक्ष पेसोंची मर्यादा १५९३ च्या राजाज्ञेनें घातली होती. व्यापाऱ्यांनीं ती क्वचितच पाळली. या संपत्तीवर डचांची नजर पडल्यामुळें १६१५ ते १६१७ या काळांत हा पंचकोनी किल्ला उभा राहिला, आणि १७७६ च्या भूकंपांत तो ढासळल्यावर १७८३ पर्यंत पुन्हां बांधण्यांत आला.

या जहाजांतून आलेले सर्वच जण आपखुशीनें आले नव्हते. त्यांत गुलामहि असत, आणि ते आशियांतील कोणत्याहि देशाचे असोत, मेक्सिकोंत त्यांस सरसकट 'चिनो' म्हणत. अशांपैकींच मिर्रा नांवाची एक मुलगी हिंदुस्थानांतली होती. तिला पोर्तुगीज चांच्यांनीं पळवून नेलें. कोचीन येथें ख्रिस्ती करून कातारिना दे सान हुआन हें नांव दिलें. पुढें मनिलाच्या बाजारांत तिची विक्री झाली, आणि १६२० च्या सुमारास ती या किनाऱ्यावर उतरली. तेथून पुएब्ला शहरीं गेल्यावर तिनें उरलेलें आयुष्य तेथेंच काढलें. १६८८ सालीं ती वारली तेव्हां लोक तिला साध्वी मानीत होते, व तिच्या अंत्यदर्शनास मोठी गर्दी लोटली. पुएब्लानें तिची आठवण ठेविली. अकापुल्कोनें मात्र तिला मालाचा एक नग म्हणूनच पाहिलें असलें पाहिजे. मेक्सिकोंतील आशियाई लोकांची गुलामगिरी १६७२ सालीं कायद्यानें बंद झाली.

या गांवाचें खरें चित्र आपणांस एका इटालियन प्रवाशाच्या लेखणींतून मिळतें, आणि त्याची ओळख महाराष्ट्रास अगदींच नवी नाहीं. जिंजीचा वेढा चालू असतांना, १६९५ सालीं, कृष्णाकांठीं गलगले येथें पडलेल्या औरंगजेबाच्या छावणींत जाऊन त्या वाकलेल्या वृद्ध बादशहास समक्ष पाहणारा जेमेल्ली कारेरी तो हाच. गोव्याहून चीन व तेथून मनिला असा फिरत तो १६९७ च्या उन्हाळ्यांत गॅलिअनवर चढला आणि सहा महिन्यांहून अधिक काळ उपासमार, किडलेलीं बिस्किटें व रोगराई सोसून १६९८ च्या जानेवारींत अकापुल्कोस उतरला. जगाच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेचें जें रूप त्याच्या कल्पनेंत होतें, त्याचा मागमूसहि त्याला तेथें दिसला नाहीं. लांकूड, माती व गवत यांचीं ठेंगणीं घरें, असह्य उकाडा, आणि एखाद्या गरीब कोळीवाड्याची कळा! गांवच्या धर्मोपदेशकाचें सरकारी वेतन वर्षास अवघें १८० पेसो. परंतु परक्यांच्या दफनाची फी जबर असल्यामुळें त्याची प्राप्ति १४ हजारांपर्यंत जाई, असें तो सांगतो.

परंतु कारेरीनें पाहिलेल्या एका गोष्टीसाठीं त्याचे सर्व कष्ट सार्थकीं लागले असें आम्हांस वाटतें. बाजार उठला, व्यापारी खेंचरांच्या पाठीवर माल लादून निघून गेले, तेव्हां गांवच्या हमालांनीं आपल्यांतल्याच एकास तिरडीवर निजविलें, ती खांद्यावर घेतली, आणि तो खरोखरीच मेला आहे असें मानून शोक करीत ते निघाले. त्यांचा सुगीचा काळ संपला होता. हंगामांत कोणास दिवसाचे तीन पेसो मिळत, तर सर्वांत कमी मिळविणाऱ्यासहि एक मिळे. आतां पुढचें जहाज येईपर्यंत त्यांतलें कांहीं नाहीं. त्यांनीं स्वतःच्याच वर्षाची अंत्ययात्रा काढली होती.

किल्ल्याच्या तटावर बसून आम्हीं ही हकीकत सांगितली तेव्हां स्नेही बराच वेळ हंसत होते, मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "अहो, पण या हमालांना पाहुण्यांचा राग नव्हता. पाहुणे गेले म्हणून ते रडले. मग आमच्यासारख्यांनीं येथें येण्यांत पाप तें कोणतें?" त्यांचें हें म्हणणें आम्हांस खोडून काढतां आलें नाहीं, व आजहि येत नाहीं. परंतु पाहुणा जातांच ज्याच्यावर तिरडी उचलण्याची पाळी येते, त्या गांवाच्या हातीं पाहुण्यांच्या संपत्तींतलें राहिलें काय, हा प्रश्न उरतोच. रेशीम मेक्सिको शहरास गेलें, चांदी मनिलास गेली. अकापुल्कोस मिळाली ती ओझें वाहण्याची मजुरी आणि परक्यांच्या कबरी. शंभर वर्षांनीं, १८०३ सालीं, जर्मन पंडित हुंबोल्ट येथें उतरला तेव्हांहि स्थिति तीच होती. एरवीं चार हजारांची वस्ती. गॅलिअन येतांच ती नऊ हजारांवर जाई, आणि बाजार उठतांच पुन्हां पूर्ववत् होई. गांवांतला कोंदट उकाडा कमी व्हावा म्हणून डोंगर फोडून समुद्राच्या वाऱ्यास वाट करून दिल्याचें त्यानें वर्णन केलें आहे. आज ज्या हवेसाठीं लोक पैसे मोजतात, ती त्या काळीं सुरुंग लावून आणावी लागे!

१८१३ सालीं स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत मोरेलोस या सेनानीनें हा किल्ला घेतला, १८१५ सालीं गॅलिअनचा व्यापार कायमचा थांबला, आणि पुढें शंभर वर्षें गांव जवळजवळ विस्मृतींत गेलें. १९२७ सालीं मेक्सिको शहरापासून मोटाररस्ता झाला, आणि पाहुणे पुन्हां आले; या वेळीं समुद्राकडून नव्हे, तर डोंगराकडून. १९४६ ते १९५२ या काळांत अध्यक्ष असलेल्या मिगेल आलेमान यांनीं गांवाचा कायापालट केला. किनाऱ्याच्या हमरस्त्यास त्यांचेंच नांव आहे. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी १९५३ सालीं नववधूसह येथें राहून गेले, आणि गांवाची कीर्ति जगभर झाली. त्याच वर्षांत किनाऱ्यालगतच्या शेतकऱ्यांच्या सामाईक जमिनी हॉटेलांसाठीं सरकारनें ताब्यांत घेतल्या, आणि हॉटेलांत राबणारीं माणसें डोंगरउतारावर झोंपड्या बांधून राहिलीं. १९८० च्या सुमारास त्यांतल्याहि पुष्कळांना उठवून डोंगरापलीकडे नव्या वसाहतींत नेण्यांत आलें. जे उतारावर राहिले, त्यांच्यावर १९९७ सालीं पाउलिना वादळाचे लोंढे चिखल-दगडांसह कोसळले, व त्यांत पुष्कळांचे प्राण गेले. वाचकांनीं आणखी एक योगायोग लक्षांत घ्यावा: हॉटेलांचा मुख्य हंगाम डिसेंबरापासून ईस्टरपर्यंतचा, आणि गॅलिअनचा बाजारहि हिंवाळ्यांतलाच. दोन्हीं हंगाम जवळजवळ एकाच वेळचे.

निघतांना हॉटेलाच्या पायऱ्यांवरून आमच्या पेट्या एका मध्यम वयाच्या गृहस्थानें खालीं आणून दिल्या. हंगाम संपल्यावर काय करतां, असें स्नेह्यांनीं त्याला आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्यें विचारलें. तो हंसला, आणि "वाट पाहतों" एवढेंच म्हणाला.

१६९४ सालीं 'सान होसे' हा गॅलिअन मनिलाहून निघाल्यावर लौकरच फिलिपाइन बेटांपाशींच बुडाला. ज्या वर्षीं असें घडे, त्या वर्षीं अकापुल्कोच्या हमालांना तिरडी उचलण्याचेंहि कारण उरत नसेल. कारण जो हंगाम आलाच नाहीं त्याची अंत्ययात्रा कशी काढावी? २५ ऑक्टोबर २०२३ रोजीं, हिंवाळी हंगाम तोंडावर आला असतां, तसेंच वर्ष उगवलें. आदल्या दिवशीं ज्याची गणना सामान्य वादळांत होती, तें ओटिस एका दिवसांत अतोनात चढलें, आणि मध्यरात्रीनंतर ताशीं अडीचशें किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्यांनिशीं अकापुल्कोवर येऊन आदळलें. किनाऱ्यावरच्या बहुतेक हॉटेलांच्या भिंती व तावदानें उडून गेलीं, डोंगरउतारावरचीं छपरें उडालीं, आणि कित्येक माणसें मृत्युमुखीं पडलीं.

ती बातमी आली त्या सायंकाळीं स्नेही आमच्याकडे आले. पडलेल्या हॉटेलांचीं छायाचित्रें त्यांनीं पाहिलीं, आपण उतरलों होतों तें कोणतें असावें याविषयींहि ते कांहीं बोलले, आणि मग बराच वेळ गप्प राहून त्यांनीं विचारलें, "आपल्या पेट्या ज्यानें खालीं आणून दिल्या, त्याचें नांव तुम्हीं विचारलें होतें काय?"

आम्हीं विचारलें नव्हतें. त्यांनींहि विचारलें नव्हतें.