भुताच्या गोष्टीत आधी डॉक्टर कापला जातो

तर झालं असं. मागच्या अमावस्येला डिंभ्यात चहाच्या टपरीवर दोन पोरं हमरीतुमरीवर आली होती. विषय, 'एक्झॉर्सिस्ट'. एक म्हणत होता, त्यात ती पोरगी उलटी होऊन, पाठीची कमान करून, कोळी किडा चालतो तशी हातापायांवर जिना उतरते. दुसरा शपथेवर सांगत होता की असं काही नाहीच, मी अख्खा पिक्चर बघितलाय. शेवटी मोर्चा माझ्याकडे. "भाऊ, तुम्ही पत्रकार. तुम्ही सांगा, खोटं कोण बोलतंय?"

दोघंही खरं बोलत होते. पिक्चर एक असला तरी कापण्या दोन आहेत.

पहिली कापणी १९७३ ची. विल्यम पीटर ब्लॅटी या लेखकाची कादंबरी १९७१ ला आली होती, तिच्यावर त्यानेच पटकथा लिहिली आणि विल्यम फ्रीडकिनने दिग्दर्शन केलं. बारा वर्षांची एक मुलगी, तिला एकटीने वाढवणारी आई, मुलीच्या अंगात शिरलेला सैतान आणि तो काढायला आलेले दोन पाद्री. थेटरात लागला तो सिनेमा दोन तास दोन मिनिटांचा. आधीची जुळणी लांब होती, फ्रीडकिनने ती छाटली. ब्लॅटीला ते पटलं नाही. दोघांचा हा वाद पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं चालला. शेवटी २००० साली फ्रीडकिनने मित्राचं ऐकलं आणि दहाएक मिनिटं परत जोडून सिनेमा पुन्हा थेटरात लावला. ती दुसरी कापणी.

जिन्याचं ते दृश्य या दहा मिनिटांतलं. १९७३ ला ते काढलं, कारण बाईला बांधलेल्या तारा पडद्यावर दिसत होत्या. शिवाय एवढा मोठा धक्का इतक्या लवकर नको, असंही फ्रीडकिनला वाटत होतं. २००० पर्यंत संगणक आला होता, तारा पुसता आल्या. सगळी दुनिया लांब कापणीबद्दल बोलते ती या एका जिन्यामुळे.

पण मित्रांनो, मी दोन्ही कापण्या लागोपाठ बघितल्या आणि माझा जीव अडकला तो दुसऱ्याच दृश्यात. त्यात भीतीदायक काहीच नाही. आई मुलीला घेऊन पहिल्यांदा डॉक्टरकडे जाते. डॉक्टर तपासतो, हे नसांचं आहे म्हणतो, गोळ्या लिहून देतो. बास, एवढंच.

१९७३ च्या कापणीत हे दृश्य नाही. गंमत म्हणजे त्याचा पुरावा तिथेच राहून गेलाय. पुढे आई मुलीला समजावते की डॉक्टर म्हणाले तसं हे नसांचं आहे, तू गोळ्या घे. आता कुठला डॉक्टर? कसल्या गोळ्या? आपण तर काहीच बघितलेलं नाही! पुढे मोठं हॉस्पिटल येतं, सुया येतात, यंत्रं येतात, ते सगळं दोन्हीकडे आहे. फक्त पहिली फेरी गायब. आणि कोट्यवधी प्रेक्षकांपैकी फारशा कुणाला ती चुकल्याचं जाणवलंही नाही.

दुसरी जागा म्हणजे दोन पाद्री दमून जिन्यावर बसतात ती. छोट्या कापणीत ते गप्प बसतात. लांब कापणीत तरुण पाद्री विचारतो की हीच मुलगी का? म्हातारा सांगतो, रोख मुलीवर नाही, बघणाऱ्यांवर आहे. आपण हताश व्हावं, आपल्यालाच आपली किळस यावी, यासाठी हे चाललंय. ब्लॅटीला हे हवंच होतं. शेवटही त्याने थोडा हलका करून घेतला, कारण सैतान जिंकला असं लोकांना वाटतं ही त्याची तक्रार होती.

"हीच मुलगी का?" या प्रश्नाला आपल्या माणसांनीही एक उत्तर दिलंय. १९८० चा 'गहराई' हा हिंदी सिनेमा. दिग्दर्शक विकास देसाई आणि अरुणा राजे, लेखनात विजय तेंडुलकर. बाप झालेत डॉ. श्रीराम लागू, मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. बाप भूतबित न मानणारा शहरी अधिकारी. गावाकडची वडिलोपार्जित जमीन तो साबणाच्या कारखान्याला विकतो. जमीन राखणारा गडी तळमळतो. आणि मग मुलीच्या तोंडून जे बाहेर येतं ते बापाचं जुनं पाप असतं, त्याच गड्याच्या बायकोवर केलेल्या अत्याचाराचं. म्हणजे सैतान बाहेरून आलेला नाही. घरातली एक गोष्ट कापून टाकली होती, ती मुलीच्या तोंडून परत आली.

आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको. इथे जमिनी धरणाच्या पाण्याखाली गेल्या. जुनं आंबेगाव पाण्यात गेलं. बॅकवॉटरच्या कडेला भुताच्या जेवढ्या गोष्टी मी ऐकल्या, त्यातल्या बऱ्याच गोष्टींत आधी कुणाचं तरी घर गेलेलं असतं. सांगणारा मात्र भुतापासून सुरुवात करतो.

आता माझं सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीतून मी बातमी दिली होती. मुलीच्या अंगात येतं, गावात घबराट, भगताला बोलावलं. दीडशे शब्द. बातमी चांगली चालली, म्हणजे लोक गाडी काढून ती पोरगी बघायला गेले. घरच्यांनी तिला शाळेतून काढलं आणि नातेवाइकांकडे पाठवलं.

माझ्या वहीत मात्र लांब कापणी होती. पोरीला लहानपणापासून फिट येत होत्या. सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं, गोळ्या सुरू होत्या, वर्षभर त्रास नव्हता. मग पावसाळा लागला, बाप मजुरीला नारायणगावकडे गेला, एसटी येईना, गोळ्या संपल्या. फिटच्या गोळ्या अशा मध्येच तुटल्या की झटके परत येतात, कधी जास्त जोरात येतात. आईने मला हे सगळं सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. जागा दीडशे शब्दांची होती, म्हणून मी डॉक्टर कापला आणि भगत ठेवला. ऑफिसने नाही सांगितलं, मीच कापला. फ्रीडकिनने ज्या दृश्याला कात्री लावली, अगदी तेच.

पुढे २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणं हाही गुन्हा आहे. याच दाभोलकरांबरोबर डॉ. लागू विवेकजागराच्या वादसंवादाला गावोगाव फिरले. 'गहराई'तला तो बाप स्वतः कान-नाक-घशाचा सर्जन होता, हे किती जणांना माहीत असेल?

कायदा मारणाऱ्याला पकडेल. पण गोष्ट कुठून सांगायची, हे कायदा ठरवत नाही. ते आपण ठरवतो, टपरीवर, पारावर, व्हॉट्सॲपवर, आणि आम्ही पेपरात. मी भगतांवर तुटून पडत नाही. रात्री-अपरात्री वाडीत तोच एक माणूस हाकेला ओ देतो, हेही खरं आहे. म्हणणं इतकंच की कुणी सांगितलं "अमक्याच्या पोरीच्या अंगात आलंय," तर लगेच गाडी काढू नका. आधी दोन गोष्टी विचारा. पहिल्यांदा डॉक्टरला कधी दाखवलं होतं? आणि गोळ्या कधी तुटल्या?

टपरीवरच्या त्या पोरांना मी म्हटलं, लांबवाला बघा. एकाने विचारलं, "जास्त डेंजर आहे का, भाऊ?"

म्हटलं, नाही. त्यात डॉक्टर आहे.