नळीचा दोष, नांगराच्या माथी

१८४३ सालच्या अखेरीस अमेरिकेत, बाल्टिमोरजवळ, आठ खेचरांनी ओढलेला एक अवजड नांगर खडकावर आदळून मोडला. तो मोडला नव्हता, मोडवला होता. सॅम्युअल मोर्स यांची तार वॉशिंग्टन ते बाल्टिमोर सुमारे ४० मैल जमिनीखालून न्यायची होती. त्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसने ३०,००० डॉलर मंजूर केले होते आणि त्यातला मोठा हिस्सा खर्चही झाला होता. दहाएक मैल तार पुरून झाल्यावर कळले की ती निकामी आहे. काम थांबवायचे, पण वर्तमानपत्रांना खरे कारण कळू द्यायचे नाही, असा पेच होता. मोर्स यांनी सुचवले आणि एझ्रा कॉर्नेल यांनी स्वतः घडवलेला नांगर खडकावर घालून अपघात झाल्याचा देखावा केला. ट्रॅक्टरमागे पाते लावून, चर न खणता पाइप किंवा केबल पुरण्याची रीत आज सर्रास दिसते. तिची कुळकथा सांगताना या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहिले जाते. मला त्यात या अवजाराचे सगळे भागधेय दिसते. नांगर पहिल्यापासून बरा होता, खोट होती ती त्याने पुरायच्या वस्तूत. पुढची शंभर वर्षे नांगर योग्य नळीची वाट पाहत राहिला.

कॉर्नेल हे नांगराच्या पेटंटचे हक्क विकत गावोगाव फिरणारे गृहस्थ. त्यांच्या अवजाराचे उभे, अरुंद पाते जमीन चिरत जाई, पात्यामागून शिशाची नळी खाली उतरे आणि चिरेच्या कडा पुन्हा मिटत. मराठी शेतकऱ्याला ही करामत समजावून सांगावी लागणार नाही. पाभरीच्या चाड्यात सोडलेले बी नळीतून फणामागे पडते आणि माती त्यावर झाकली जाते, तसेच हे. फक्त बियांच्या जागी न तुटणारा धागा आहे. या रचनेतली खरी अक्कल अशी की नळीवर ताण येत नाही. ती जमिनीतून ओढली जात नाही, तर जिथल्या तिथे ठेवली जाते. शिसे मऊ असल्याने नळी वाकतही होती. घात झाला तो आतल्या तारेचा. तारेवर सुताचे वेष्टण होते, आणि गरम शिशाची नळी तिच्याभोवती घडवताना ते करपले. वीज जागोजागी शिशात झिरपू लागली. मोर्स खांबांकडे वळले आणि २४ मे १८४४ रोजी पहिला अधिकृत संदेश हवेतल्या तारेवरून गेला. कॉर्नेल यांनी तारायंत्राच्या धंद्यात पुढे अमाप पैसा मिळवला, त्यांच्या नावाचे विद्यापीठही उभे राहिले. नांगराचे नाव मात्र अपयशाच्या खात्यात राहिले.

नांगराचा दुसरा जन्म इंग्लंडमधला, आणि तो विजेसाठी नव्हे, पाण्यासाठी. तिथल्या चिकणमातीच्या शेतात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘मोल नांगर’ चालत असे. मोल हा युरोपातला जमिनीखाली बोगदे करणारा छोटा प्राणी. तो महाराष्ट्रात नाही, त्यामुळे आपल्या कृषी विद्यापीठांनीही नाव तसेच ठेवले आहे. उभ्या पात्याच्या तळाशी लोखंडी गोळा असतो. तो मातीत पोकळ बीळ पाडत जातो आणि त्या बिळातून पाण्याचा निचरा होतो. पण बीळ काही वर्षांत ढासळते. जॉन फाउलर यांनी १८४९ मध्ये दुष्काळाने पोळलेल्या आयर्लंडमध्ये पाणथळ जमिनी पाहिल्या आणि या बिळाला अस्तर द्यायचे ठरवले. गोळ्यामागे दोरी, दोरीत ओवलेल्या आखूड नळ्या. शेताच्या टोकाला घोड्यांनी फिरवायचा रहाट नांगर खेचून घेई, नळ्यांची माळ त्याच्यामागून जमिनीत शिरे आणि शेवटी दोरी काढून घेतली जाई. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या यंत्राने लोकांचे लक्ष वेधले. पण इथे दोष उलटा होता. पाण्याला चालणारी नळी मिळाली, तर ती वाकेना. म्हणून ती तुकड्यातुकड्यांत ओवावी लागली, अख्ख्या बिळाच्या घर्षणातून ओढावी लागली, आणि सांधे सरकले की नाही हे वरून दिसायची सोय नव्हती. मजुरी स्वस्त असताना उघडा चर खणून डोळ्यांदेखत नळ्या मांडणे शेतकऱ्याला भरवशाचे वाटले, यात नवल नाही.

यावर कोणी म्हणेल, अडचण नळीची नव्हतीच, ओढणाऱ्या बळाची होती. ट्रॅक्टर आला आणि प्रश्न सुटला. हा आक्षेप वजनदार आहे, पण फाउलर यांचेच पुढचे आयुष्य त्याला उत्तर देते. त्यांनी रहाटाला वाफेचे इंजिन जोडले, तारदोराने नांगर खेचायची पद्धत सिद्ध केली आणि १८५८ मध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे ५०० पौंडांचे बक्षीस मिळवले. म्हणजे बळ होते. त्या बळावर साधी नांगरट दूरदूर पसरली, नळी पुरण्याचे काम मात्र मागे पडले. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. १९४२ मध्ये अमेरिकेच्या आरपार टाकलेली टेलिफोन केबल मोठमोठ्या ट्रॅक्टरांच्या माळेने नांगरूनच पुरली होती, आणि तिचे आवरण शिशाचे होते. हे खरे. पण ते काम अवाढव्य कंपनीचे, महागड्या केबलचे आणि तरबेज टोळ्यांचे. त्यातून नांगराची क्षमता सिद्ध होते, आणि माझेही म्हणणे तेच आहे. रीत सर्वसामान्य व्हायची तर वस्तू स्वस्त, वाकणारी आणि न कुजणारी हवी होती.

ती वस्तू म्हणजे पॉलिथिन. १९३३ मध्ये इंग्लंडात नॉर्थविच इथल्या आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत ते अपघातानेच हाती लागले. त्याचा पहिला मोठा उपयोग केबलच्या आवरणासाठी झाला, नळ्या नंतर आल्या. कॉर्नेल यांना हवा होता तो वीजरोधक आणि फाउलर यांना हवी होती ती लवचिक नळी, दोन्ही एकाच पदार्थात मिळाली, तीही वेटोळ्यात गुंडाळून. याच सुमारास हॅरी फर्ग्युसन यांच्या थ्री पॉइंट लिंकेजने अवजार ट्रॅक्टरचाच अवयव करून टाकले. पात्यावर पडणारी ओढ मागच्या चाकांवर वजन टाकू लागली आणि हायड्रॉलिकने खोली सांभाळली. त्यामुळे १९४६ पासून निघालेल्या टीई-२० सारख्या लहान ट्रॅक्टरलाही सबसॉयलर, म्हणजे जमीन खोलवर चिरणारे उभे पाते, झेपू लागला. पात्यामागे एक नळकांडे बसवले की सबसॉयलर पाइप पुरणारा होतो. त्या नळकांड्यातली युक्ती कॉर्नेल यांचीच, फाउलर यांची दोरी कायमची सुटली.

नांगर आंधळा आहे हे मान्य करावे लागते. खडक, जुनी केबल किंवा दुसऱ्याची पाइपलाइन त्याला दिसत नाही. निचऱ्याच्या नळीला नेमका उतार लागतो आणि नुसते पाते जमिनीच्या चढउतारामागे जाते. म्हणून तिथे लेझरसारख्या साधनांची जोड द्यावी लागली. पण आपल्याकडे शेतातली पाइपलाइन अजून चर खणूनच का पुरतात, याचे कारण केवळ मुरूम आणि कातळ नाही. ती बहुधा पीव्हीसीच्या २० फुटी ताठ नळ्यांची असते. सोल्युशन लावून एकेक सांधा जोडायचा, तर माणसाला हात घालायला चर उघडा हवाच. फाउलर यांच्या नळ्यांची अडचण इथे जशीच्या तशी उभी राहते. शेजारच्याच बांधावर ठिबकची नळी वेटोळ्यातून उलगडत असते आणि ट्रॅक्टरला सबसॉयलरही जोडलेला असतो. अशा शेतात पाइप नांगराने का पुरत नाहीत, असे कोणी विचारले, तर बोट नांगराकडे जाऊ नये. कॉर्नेल यांच्या नांगरावर एकदा आळ येऊन गेला आहे, तेवढा पुरे.