शय्यंभवसूरींनी लपविलेले नाते

दशवैकालिक सूत्राचे नाव आपण चातुर्मासातील व्याख्यानांतून वारंवार ऐकतो. परंतु हे सूत्र एका आठ वर्षांच्या बालमुनीसाठी सिद्ध झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रभवस्वामींचे पट्टधर श्री शय्यंभवसूरी हे मूळचे राजगृहीचे ब्राह्मण. वीरनिर्वाण संवत ६४ च्या सुमारास, वयाच्या २८ व्या वर्षी त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा पत्नी गर्भवती होती. कोणी विचारले असता ती "मणयं", म्हणजे "थोडेसे", एवढेच बोलली. त्यावरून मुलाचे नाव मनक पडले.

हा मनक पित्याच्या शोधात चंपानगरीस पोहोचला आणि समोर आलेल्या साधूंनाच त्याने वडिलांविषयी विचारले. ते साधू म्हणजे साक्षात शय्यंभवसूरी! हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वात त्यांच्या उत्तराचा आशय असा की, तुझ्या पित्यास मी ओळखतो, ते व मी भिन्न नाही, तू माझ्याजवळ दीक्षा घे. यात असत्य नाही. पण 'मीच तुझा पिता' हे शब्दही नाहीत.

मुलाचे आयुष्य सहाच महिने उरले आहे, हे सूरींनी ज्ञानबळाने जाणले होते. तेही त्यांनी मनातच ठेवले. त्या अल्प अवधीत आचारधर्म शिकविता यावा म्हणून पूर्वांतून सार काढून त्यांनी दहा अध्ययने रचली.

नाते का लपविले? आचार्यांचा पुत्र म्हटल्यावर इतर मुनींनी त्याला वैयावृत्त्य करू दिलेच नसते. कापडाच्या पेढीवर मालकाच्या मुलाला ताका उचलू न देणारे नोकर मी आयुष्यभर पाहिले आहेत. असा मुलगा धंदा शिकत नाही. मनकाजवळ तर शिकावयास दुसरा काळच नव्हता.

मनकमुनी कालधर्म पावले तेव्हा सूरींचे डोळे पाणावले. शिष्य यशोभद्रांनी कारण विचारले आणि मग सारे उघड झाले. आधी का सांगितले नाही, म्हणून मुनी हळहळले. निर्युक्तीत ते आनंदाश्रू म्हटले आहेत. मुलगा आराधना करून गेला, हा तो आनंद. माझ्यातील बापाला मात्र ते निव्वळ आनंदाचे वाटत नाहीत. आणि राजगृहीस राहिलेल्या मातेचे काय झाले असेल, हाही विचार मनातून जात नाही.

कार्य संपले म्हणून सूरी सूत्र आवरून घेणार होते. संघाने विनंती करून ते ठेवविले. आजही नवदीक्षितांना मोठ्या दीक्षेपूर्वी त्याचीच पहिली चार अध्ययने शिकवितात.