पाकोळी नावाचे दोन प्राणी

कर्जत-खालापूरच्या शाळांची सहल कोंडाण्याच्या लेण्यांत गेली, की काळोखात फडफडणाऱ्या प्राण्याला कोणी वटवाघूळ म्हणते, कोणी पाकोळी. मराठीत लहान वटवाघळालाही पाकोळी म्हणतात आणि वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटावर, समुद्राकाठच्या गुहेत घरटी करणाऱ्या एका पक्ष्यालाही. एक सस्तन, दुसरा पक्षी, असे सांगून आपण हा घोटाळा निस्तरतो. पण तेवढ्यावर थांबू नये. काळोखात वाट काढण्याची दोघांची युक्ती एकच आहे.

१७९३ साली इटलीत स्पालान्झानी यांना आढळले, की आंधळे केलेले वटवाघूळही टांगलेले दोरे चुकवून उडते. (प्रयोग क्रूर होता, हे मुलांना जरूर सांगावे.) पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या ज्यूरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले. ती आपटू लागली! पण कानांनी ती ऐकतात तरी काय? खोलीत तर शांतता होती. माणसाला ऐकू येत नाही तो आवाजच नव्हे, या समजुतीपायी विद्वानांनी ही गोष्ट थट्टेवारी नेली. अखेर १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी ग्रिफिन याने प्राध्यापक पिअर्स यांच्या श्राव्यातीत ध्वनी टिपणाऱ्या यंत्रासमोर वटवाघळे आणली, आणि ती 'मुकी' वटवाघळे सारखी ओरडत असल्याचे उघड झाले.

पक्षी-पाकोळीची गंमत उलटी. दिवसा ती डोळ्यांनी किडे टिपते. गुहेत शिरताना मात्र टकटक आवाज करून प्रतिध्वनी ऐकते. ही टकटक आपल्यालाही ऐकू येते. वेंगुर्ल्याच्या पाकोळ्यांवर हुमायूँ अब्दुलअली यांनी १९४२ सालीच लिहिले होते. पण या जातीची टकटक वाट शोधण्यासाठी असते, हे नोविक यांनी सिलोनमधील अभ्यासातून मांडले ते १९५९ मध्ये, म्हणजे वटवाघळाचे कोडे सुटल्यानंतर. कानावर पडणाऱ्या आवाजालाही प्रश्न विचारणारा लागतो!

वटवाघूळ कंठातून ओरडते, पक्षी श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्रातून. ही विद्या दोघांनी स्वतंत्रपणे मिळवली. वटवाघळाची अधिक बारीक: ते पातळ तारही चुकवते, पाकोळीला तितके जमत नाही. झाडांना लटकणारी मोठी फलाहारी वटवाघळे मात्र डोळ्यांवरच विसंबतात. त्यांचेच गुहेत राहणारे भाईबंद, रूसेटस, जिभेने टकटक करतात.

पाकोळीचे लाळेचे घरटे सूपसाठी विकले जाते, म्हणून वेंगुर्ल्याच्या बेटावरून ते चोरीला गेले आहे. वटवाघळाला तर अपशकुनी म्हणून धूर करून हुसकले जाते.