कनू, स्नोशू आणि इंजिनाचा आवाज

अमेरिकेचे मिनेसोटा राज्य आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत यांच्या सीमेचा मोठा नकाशा वर्गात उघडला, तर छपाईच्या वेळी निळी शाई सांडली असावी असे मुलांना वाटेल. अमेरिकेच्या बाजूला ‘बाउंडरी वॉटर्स’ या सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरच्या राखीव रानात हजाराहून अधिक तलाव आहेत. पलीकडे कॅनडाचे क्वेटिको उद्यान आहे, तिथेही तोच प्रकार. हिमयुगात हिमनद्यांनी इथला अतिप्राचीन खडक खरवडून काढला आणि बर्फ हटल्यावर खळग्यांत पाणी साचले.

उन्हाळ्यात लोक इथे होडी वल्हवतात, मासे धरतात, तंबू ठोकून राहतात. हिवाळ्यात तलाव गोठतात. बर्फ पाण्यावर का तरंगतो हे आपण आठवी-नववीत शिकवतोच, पण त्याचा इथला उपयोग पाहण्याजोगा आहे. उन्हाळ्यातली जलवाटच हिवाळ्यात पायवाट होते. तिच्यावरून स्की, स्नोशू आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या चालतात.

आज ही सगळी हौस आहे. मुळात ती गरज होती. या प्रदेशातील ओजिब्वे लोकांची कनू ही लांबट, हलकी होडी बर्चच्या सालीची असे. बर्च म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाचाच भाऊबंद. हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तर तिकडच्या भूर्जाच्या सालीतून लोक तलाव ओलांडत राहिले. साल पाण्याने कुजत नाही, हा गुण दोन्हीकडे कामाला आला. सीडर लाकडाच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळ्यांची शिलाई आणि सांध्यांवर त्याच झाडाचा चीक, असे तिचे काम असे. खिळा एकही नाही. फाटली तर दुरुस्तीचे सामान काठावरच उभे!

होडी हलकी असणे इथे अगत्याचे होते, कारण एका तलावातून दुसऱ्यात जायचे तर मधली जमीन होडी खांद्यावर घेऊन ओलांडावी लागते. या वाटांना ‘पोर्टेज’ म्हणतात. अजूनही त्यांची लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा.

अठराव्या शतकात युरोपातल्या टोप्यांसाठी बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार वाढला, तेव्हा फ्रेंच भाषक हमाल-नावाडी याच वाटांनी जाऊ लागले. त्यांना व्हॉयाजर म्हणत. नव्वद-नव्वद पौंडांची दोन गाठोडी, म्हणजे ऐंशी किलोंच्या वर भार, एका खेपेत पाठीवर घ्यायचा असा त्यांचा शिरस्ता. सुपीरियर सरोवराकाठच्या ग्रँड पोर्टेजची वाट तर सुमारे साडेतेरा किलोमीटरची होती. होड्या, वाटा आणि वाटेतला जंगली तांदूळ, सारे ओजिब्वेंकडून घेतलेले. या वाटा दोन्ही देशांच्या नागरिकांना खुल्या राहतील असे कलम १८४२ च्या सीमा-करारातही आले. ‘निर्मनुष्य अरण्य’ हा शब्द या भागासाठी वापरला जातो, तो आम्हाला म्हणूनच पटत नाही. १८५४ च्या तहाने ओजिब्वेंनी मिनेसोटाकडची जमीन दिली, शिकारीचा व मासेमारीचा हक्क मात्र राखला.

स्नोशूचे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. लाकडी चौकटीत कातडी वाद्यांची जाळी विणून ते बनवत. तळव्याच्या दहापट क्षेत्रफळ मिळाले की दाब एक-दशांशावर येतो आणि माणूस भुसभुशीत हिमात रुतत नाही. दाबाचे सूत्र माहीत नसताना हे साधले होते.

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. १९०९ साली सीमेच्या दोन्ही बाजूंना वने राखीव झाली. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर तलावांवर उतरणारी विमाने थेट रानातल्या विश्रामगृहांपर्यंत मासेमारीच्या शौकिनांना पोहोचवू लागली. डिसेंबर १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या वनावरून समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांखाली विमाने उडवण्यास बंदी घातली. म्हणजे इथली शांतता हुकूम काढून मिळवलेली आहे.

यासाठी झगडणाऱ्यांत सिगर्ड ओल्सन हे जीवशास्त्राचे शिक्षक होते. १९२३ पासून ते ईली या गावात शिकवत. सुट्टीत प्रवाशांचे वाटाडे होत. लांडग्यांवर त्यांनी संशोधन केले, पुढे तिथल्या कॉलेजचे प्रमुखही झाले. पण ईली हे लोखंडाच्या खाणींचे गाव. शेवटची खाण १९६७ साली बंद पडली. उरला तो पाहुण्यांवरचा धंदा, आणि तो मोटारबोटी व हिमस्कूटरवर बराचसा अवलंबून. त्यांवर निर्बंध घालणाऱ्या विधेयकाची सुनावणी जुलै १९७७ मध्ये ईलीतच झाली, तेव्हा गावकऱ्यांनी ओल्सनांचा पुतळा फासावर लटकवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ओल्सन हुर्यो होत असतानाच बोलले. ज्या गावातल्या मुलांना आपण शिकवले, त्या गावाने असे करावे, हे कोणाही शिक्षकाला लागेल. पण गावाचा राग निव्वळ अडाणीपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. खाण गेलेल्या माणसाला शांततेचे मोल सांगणे अवघडच.

ऑक्टोबर १९७८ मध्ये कायदा झाला. लाकूडतोड आणि खाणकाम थांबले. जवळपास एक-चतुर्थांश जलक्षेत्रावर मात्र लहान इंजिनांची मुभा राहिली. अशा तडजोडीने दोन्ही बाजू नाराज राहतात, तशा त्या राहिल्या.

ओल्सन जानेवारी १९८२ मध्ये वारले. नवे स्नोशू पायांत घालून घराजवळच्या हिमात ते फिरायला निघाले होते. हिमस्कूटर बहुतेक सगळ्या वाटांवरून हटायला तेव्हा आणखी दोन वर्षे होती.