साखर न पचवणारं यीस्ट आणि मक्याची अळी

जून २०१७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मक्याच्या एका नव्या बियाण्याला परवानगी दिली. या मक्याची मुळं खाल्ली की अळीच्या शरीरातलं तिचंच एक जनुक गप्प होतं आणि ती मरते. त्या जनुकाचं नाव एसएनएफ-७. यातली आद्याक्षरं ‘सुक्रोज न आंबवणारं’ या अर्थाची आहेत. मुळं कुरतडणाऱ्या अळीचा साखर आंबवण्याशी काय संबंध? मी या नावाचा माग काढत गेलो, तर वाट थेट १९८० च्या दशकातल्या यीस्टपर्यंत पोचली.

तेव्हा कोलंबिया विद्यापीठात मेरियन कार्लसन यांची प्रयोगशाळा साखर आंबवू न शकणारे यीस्टचे बिघडलेले वाण गोळा करत होती. जनुकांना नावं पडली ती त्या बिघाडावरून. त्याच दशकात स्कॉट एमर आणि टॉम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळा यीस्टचेच वेगळे बिघाड शोधत होत्या. पेशीतल्या एका कप्प्यात जायचा माल चुकून बाहेर टाकणारं यीस्ट त्यांना हवं होतं. पुढे लक्षात आलं, की दोन्ही याद्यांमध्ये एक जनुक सामाईक आहे. एसएनएफ-७ चं खरं काम साखरेचं नव्हतंच. ते होतं पेशीच्या पडद्याला आकार देण्याचं.

ते काम असं चालतं. पेशीला जुनी प्रथिनं मोडीत काढायची असतात. ती आधी एका पिशवीच्या पडद्यावर जमतात. मग एसएनएफ-७ चे रेणू एकमेकांना जोडून सर्पिल माळ बनवतात. बटव्याची नाडी ओढावी तसा पडदा आवळला जातो आणि एक छोटी पुडी पिशवीच्या आत तुटून पडते. दुसरं एक प्रथिन माळ सोडवतं, मणी पुन्हा वापरात येतात. २००१ च्या सुमारास एमर यांच्या गटाने या यंत्रणेला ‘एस्कॉर्ट’ हे नाव दिलं. त्याच वर्षी हेही समजलं, की एचआयव्ही विषाणू आपल्या पेशीतून बाहेर पडताना हीच यंत्रणा वापरतो. यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे ती आहे. ती बंद पडली, तर पेशीत कचरा साचत जातो.

दुसरा धागा फुलांचा. १९९० मध्ये रिचर्ड जॉर्गेनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटुनियाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली. काही फुलं उलट पांढरी झाली. जादा जनुकाने मूळ जनुकालाही गप्प केलं होतं. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म गोलकृमीत याचं कारण दाखवलं. दुपेडी आरएनए पेशीत शिरला की पेशी त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा प्रत्येक संदेश नष्ट करते. संदेश नाही, म्हणजे प्रथिन नाही. २००६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

पुढच्याच वर्षी हे दोन्ही धागे शेतात आले. मोन्सँटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या मूळ खाणाऱ्या भुंगेऱ्याची अनेक जनुकं एकेक करून बंद करून पाहिली. कशामुळे अळी मरते, हा साधा प्रश्न होता. पुढे बियाण्यासाठी निवड झाली ती एसएनएफ-७ ची. अळीच्या आतड्यात मक्यातला दुपेडी आरएनए शिरतो, एसएनएफ-७ बनणं थांबतं, पेशीत मोडीचा माल तुंबतो आणि काही दिवसांत अळी मरते.

पण या किडीचा स्वतःचाही एक इतिहास आहे. १९५० नंतर तिच्यावर ऑल्ड्रिनसारखी कीटकनाशकं मारली, काही वर्षांत ती निष्प्रभ झाली. शेतकऱ्यांनी मका-सोयाबीन अशी फेरपालट सुरू केली, तर इलिनॉयमध्ये तिने सोयाबीनच्या शेतात अंडी घालायला सुरुवात केली. २००३ मध्ये बीटी मका आला, आणि २०११ मध्ये आयोवातून त्याला दाद न देणाऱ्या भुंगेऱ्यांचा अहवाल आला. नव्या मक्याचीही तीच गत होऊ शकते. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत निवड करून दुपेडी आरएनएला शंभरपटीहून जास्त सहनशील किडे तयार करून दाखवले. त्या किड्यांनी एसएनएफ-७ बदललं नव्हतं. त्यांची आतडी आरएनए आतच घेत नव्हती. म्हणजे उद्या दुसरं जनुक निवडलं, तरी दार बंदच.

हा इतिहास मला परका वाटत नाही. आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कपाशी आली. तिच्यामुळे हिरवी बोंडअळी आटोक्यात आली. पण गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या बीटीला आणि नंतर दुसऱ्या पिढीच्या बीटीलाही दाद देणं सोडलं. कडेला बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या, म्हणजे बीटीला बळी पडणारे पतंगही शिल्लक राहिले असते. बियाण्याच्या पाकिटासोबत त्याची पुडीही मिळायची, पण थोड्या जमिनीत ती पेरणं अनेकांना परवडणारं नव्हतं. २०१७ मध्ये कपाशीची बोंडं किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अमेरिकेत परवानगीचा कागद निघाला, त्याच वर्षी.

मग हे तंत्र कपाशीत का आणत नाही? २००७ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी हिरव्या बोंडअळीचं एक जनुक वनस्पतीमार्फत गप्प करून तिची वाढ खुंटवली होती. अडचण पतंगवर्गीय अळ्यांच्या पोटात आहे. तिथे आरएनए लवकर कापला जातो. जो पेशीत पोचतो, त्यातला पुष्कळसा आतल्या पिशव्यांमध्ये अडकून पडतो. ज्या पिशव्यांवर एसएनएफ-७ काम करतं, त्याच या पिशव्या. एका किडीत ज्या यंत्रणेवर घाव घालता आला, तिच्याच आवारात दुसऱ्या किडीत औषध कैद होतं.

ही अडचण उद्या सुटेलही. बटाट्याच्या भुंगेऱ्यासाठी फवारायचं आरएनए औषध अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झालं आहे. पण बियाण्याचं पाकीट हातात येईल तेव्हा त्यात कोणतं जनुक आहे, याच्याइतकाच दुसरा प्रश्नही विचारायला हवा: कडेच्या ओळींची जमीन कुणाची जाणार, आणि तिचा खर्च कोण देणार? यीस्टचं कोडं प्रयोगशाळेत सुटलं. याचं उत्तर तिथे मिळणार नाही.