नामदेवांची तुपाची वाटी आणि अर्बानाचा फोन



नामदेव महाराजांची ती गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलेली असेल. पोळ्या भाजून ठेवलेल्या असतात, एक कुत्रं येतं आणि पोळी तोंडात धरून पळत सुटतं. नामदेव त्याच्यामागे धावतात, पण हातात काठी नसते, तुपाची वाटी असते. कोरडी पोळी त्याने कशी खावी, ही त्यांची काळजी. मुक्या जनावराला घरातलंच, आणि चांगलंच द्यायचं, ही आपली रीत अशा गोष्टींतून आलेली आहे. गायीचा घास, कावळ्याचा घास, उरलेली भाकरी दारच्या कुत्र्याला. तीच रीत घेऊन आपण एडिसनला आलो, नेपरव्हिलला आलो, फ्रीमाँटला आलो. इथे कुत्रं दारातून घरात आलं, सोफ्यावर चढलं, आणि मोत्याचा कूपर झाला.

कुत्र्या-मांजरांच्या आजारांचा सगळा इतिहास एका भागात सांगून व्हायचा नाही. पिसवा, कानातला मळ, दात, सांधे हे विषय आज बाजूला ठेवते. आज फक्त आपल्या स्वयंपाकघरातून सुरू होणाऱ्या आजारांबद्दल बोलू. जनावर आजारी पडलं की व्हेट पहिला प्रश्न विचारतो, "काय खाल्लं?" या एका प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा गेल्या पन्नास वर्षांत, इथेच, अमेरिकेत घडलेला आहे.

इलिनॉय राज्यात अर्बाना नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात १९७८ साली प्राण्यांच्या विषबाधेबद्दल फोनवर माहिती देणारं केंद्र सुरू झालं. १९९६ पासून ते एएसपीसीए ही संस्था चालवते. ही संस्था हेन्री बर्ग यांनी १८६६ साली न्यूयॉर्कला स्थापन केली. केंद्राचं काम सांगायला अगदी साधं. कुणाच्या कुत्र्याने काहीतरी गिळलं की फोन येतो, पलीकडे पशुवैद्य असतो, तो काय करायचं ते सांगतो. फोन ठेवल्यावर तो आणखी एक काम करतो, ते म्हणजे सगळं नोंदवून ठेवतो. कुत्र्याचं वजन किती, काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, पुढे काय झालं.

१९९९ च्या सुमाराला या नोंदी चाळताना तिथल्या लोकांना एक विचित्र गोष्ट दिसली. धडधाकट कुत्री अचानक उलट्या करू लागतात, दोन-तीन दिवसांत त्यांची किडनी बंद पडते, आणि त्यांच्यात समान काही असेल तर एवढंच, की त्यांनी द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ले होते. तोपर्यंत द्राक्ष म्हणजे निरुपद्रवी खाऊ. कुत्र्याला "बस" म्हटल्यावर तो बसला की बक्षीस म्हणून लोक द्राक्ष देत. २००१ साली या केंद्रातल्या पशुवैद्यांनी अशा दहा कुत्र्यांची हकिगत अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पत्राच्या रूपाने छापली. द्राक्षं कुत्र्याला घातक असू शकतात, हे व्हेट मंडळींना तिथून कळू लागलं. म्हणजे तुमच्यापैकी जे वाय-टू-केच्या वेळी इथे आले, ते आले तेव्हा हे ज्ञान जवळपास कुणालाच नव्हतं.

का घातक, हे मात्र पुढची वीस वर्षं सापडलं नाही. कीटकनाशक असेल म्हणून तपासलं, बुरशीचं विष असेल म्हणून तपासलं, जड धातू तपासले. परसातल्या फवारणी न केलेल्या द्राक्षांनीही तेच होत होतं. शिवाय एक कुत्रा मूठभर बेदाणे खाऊन खुशाल हिंडायचा आणि दुसरा तेवढ्यानेच आजारी पडायचा. किती बेदाणे चालतील याचा आकडा कुणी देऊ शकत नव्हतं. "आमच्याकडे तर नेहमी देतो, काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांचं त्यामुळे फावलं.

उकल झाली ती लहान मुलांच्या खेळण्यातल्या पिठामुळे. इथे घरोघरी मैदा, मीठ आणि क्रीम ऑफ टार्टर मिसळून मुलांसाठी मऊ रंगीत गोळे करतात. असाच गोळा एका कुत्र्याने खाल्ला. त्यात मीठ भरपूर, म्हणून सगळे मिठाच्या विषबाधेची वाट बघत होते, आणि बिघडली ती किडनी, अगदी द्राक्ष खाल्ल्यावर बिघडते तशी. फोन केंद्रातल्या डॉ. कोलेट वेगेनास्ट यांना हे साम्य खटकलं. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, वाइनच्या पिंपांच्या आतल्या बाजूला जो पापुद्रा जमतो त्यातून काढलेला. द्राक्षाला आंबटपणा देणारं मुख्य आम्लही हेच. ते किती असेल हे द्राक्षाच्या जातीवर आणि पिकण्यावर अवलंबून असतं, म्हणून एका कुत्र्याला बाधतं आणि दुसऱ्याला नाही, याचाही उलगडा झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तर्क त्याच नियतकालिकात मांडला. (आपल्या म्हणीतल्या कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागली, तीही याच आम्लामुळे. कोल्हा कुत्र्याच्याच कुळातला, त्यामुळे उडी चुकली हे त्याच्या पथ्यावर पडलं की काय, असं मला हल्ली वाटतं.)

आता टार्टारिक आम्ल भरपूर असलेला आणखी एक पदार्थ सांगते. चिंच.

२०२२ साली त्याच गटाने पुढचा लेख लिहिला. त्यात क्रीम ऑफ टार्टर खाल्लेली कुत्री होती आणि चिंच खाल्लेली कुत्रीही होती. किडनीचं दुखणं तेच. २०२३ साली प्रयोगशाळेत तपासलं, तर टार्टारिक आम्लाने कुत्र्याच्या किडनीतल्या पेशी खराब झाल्या, माणसाच्या झाल्या नाहीत. हे आम्ल पेशीतून बाहेर टाकणारी जी वाट माणसाच्या किडनीत असते, तिची कुत्र्याकडे उणीव आहे, असा त्याचा अर्थ लावतात. आपण पिढ्यान् पिढ्या चिंच-गुळाची आमटी ओरपत आलो, ती या वाटेच्या जोरावर.

इथल्या व्हेटच्या भिंतीवर "कुत्र्याला देऊ नये" असा तक्ता लावलेला असतो. त्यात चॉकलेट असतं, द्राक्षं असतात, कांदा असतो, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल असतं. चिंच मला अजून तरी क्वचितच दिसली आहे, कारण तक्ता करणाऱ्याच्या घरी चिंच नसते. ती आपल्या घरी असते. फ्रिजमध्ये चिंचेचा कोळ असतो, भेळेची चटणी असते, ओट्यावर चिंचेचा गोळा भिजत पडलेला असतो, मुलांच्या बॅगेत चिंचेच्या गोळ्या असतात. आणि बेदाणे म्हणाल तर शिऱ्यात, खिरीत, पंचखाद्यात आणि बेसनाच्या प्रत्येक लाडवावर एकेक. सत्यनारायणाच्या पूजेत चौरंग खाली, नैवेद्य खाली, आणि कूपरचं नाक त्याच उंचीवर. सांगलीकडच्या बेदाण्याचं पाकीट सुटकेसमधून आलं की आजोबा कौतुकाने पहिला दाणा त्यालाच देतात. यात दोष कुणाचा नाही. आजोबांच्या गावातलं कुत्रं मेलं तेव्हा ते कशाने मेलं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

बेदाणे, मनुका, द्राक्षं किंवा चिंच पोटात गेली असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. उलट्या सहसा पहिल्या चोवीस तासांत होतात, त्यानंतर सुस्ती येते, तहान वाढते, मग लघवी कमी होते, आणि तिथपर्यंत आलं की उशीर झालेला असतो. पहिल्या एक-दोन तासांत व्हेटने उलटी करवली तर बरंचसं बाहेर पडतं, पुढे शिरेतून सलाइन देऊन किडनी सांभाळता येते. आणि हो, आपल्याकडे विषबाधा झाली की मिठाचं पाणी पाजायची पद्धत आहे. कुत्र्याला ते अजिबात पाजू नका, मीठच त्याला मारक ठरू शकतं.

कांद्याची कथा द्राक्षापेक्षा जुनी. १९३० साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले डॉ. सेब्रेल यांनी दाखवून दिलं की कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांना पंडुरोग होतो. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसूणही त्याच जातीचा. शिजवल्याने हा गुण जात नाही, वाळवून पूड केल्याने तर तो एकवटतो, म्हणून कांदा-लसूण मसाला सगळ्यात वाईट. मांजरं याबाबतीत कुत्र्यांहून नाजूक. परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे शनिवारच्या रश्श्याचा संबंध बुधवारच्या थकव्याशी कुणी जोडत नाही.

मांजरांचं प्रकरण वेगळं आहे, आणि शाकाहारी घरांनी ते नीट ऐकावं. १९७५ साली असं दिसून आलं की टॉरिन नावाचा घटक आहारात नसेल तर मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो. टॉरिन म्हणजे बैलाच्या पित्तात प्रथम सापडलेला पदार्थ, नावही बैलाच्या लॅटिन शब्दावरून. माणूस आणि बहुतेक कुत्री तो शरीरात तयार करतात. मांजराला तो पुरेसा करता येत नाही, मांसातूनच घ्यावा लागतो. त्यानंतर कंपन्या डब्यातल्या खाण्यात टॉरिनची काळजी घेऊ लागल्या, आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. पण १९८०च्या दशकात मांजरं हृदयाच्या एका विकाराने मरतच होती. हृदय फुग्यासारखं मोठं होतं, भिंती पातळ होतात, आणि एक दिवस ते रक्त ढकलू शकत नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पॉल पायन नावाचा तरुण डॉक्टर हृदयविकार शिकत होता. त्याने अशा मांजरांच्या रक्तातलं टॉरिन मोजलं, तर ते अगदी खाली गेलेलं. टॉरिन द्यायला लागल्यावर त्या मांजरांची हृदयं सुधारली. १९८७ च्या ऑगस्टमध्ये हे काम 'सायन्स'मध्ये छापून आलं. ही मांजरं नावाजलेल्या कंपन्यांचं खाणं खात होती, त्यावेळच्या नियमाइतकं टॉरिन त्यात होतं, आणि तो नियमच अपुरा होता. कंपन्यांनी प्रमाण वाढवलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

गावाकडची मनी दूधभातावर जगली, असं आपण सांगतो. तिला दूधभात आपण देत होतो हे खरं, पण ती जगली उंदरांवर, पालींवर आणि चिमण्यांवर. सातव्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमधल्या मांजराला ती सोय नाही. त्याला दूध-पोळीवर ठेवलं तर महिनोन् महिने ते ठीक दिसेल, आणि आतून डोळे आणि हृदय झिजत राहतील. तुमच्या घरात मांस शिजत नसेल तर हरकत नाही, पण मांजराचा डबा मांसाचाच लागेल. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी ससा पाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग विकतचं सगळं सुरक्षित का? १६ मार्च २००७ ला मेन्यू फूड्स या कंपनीने सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटं बाजारातून परत मागवली. कारखाने मोजके, पण त्यांतून कितीतरी ब्रँडचा माल निघत होता. कुत्र्या-मांजरांच्या किडन्या बंद पडत होत्या. महिनाअखेर सरकारच्या एफडीएने जाहीर केलं की चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन आहे, प्लास्टिकसाठी वापरतात ते. प्रथिनं मोजायची सर्रास पद्धत नायट्रोजन मोजते, मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला, म्हणून चाचणीत माल कसदार दिसायचा. सोबत सायन्युरिक आम्लही होतं, आणि दोघांचे स्फटिक किडनीत जाऊन बसले. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन सापडलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावल्याचं सरकारने सांगितलं. इशारा आधी इथल्या मांजरांनी दिला होता. म्हणून डब्यावरचा लॉट नंबर महत्त्वाचा. मी रिकामं पाकीट नवं पाकीट संपेपर्यंत टाकत नाही, नवरा हसतो, हसू दे.

अर्बानाच्या त्या केंद्राचा नंबर ८८८-४२६-४४३५. चोवीस तास चालू असतो, सल्ल्याचे पैसे पडू शकतात. फ्रिजवर लावून ठेवा, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना मराठीत समजावून सांगा, कारण दुपारी घरी तेच असतात. फोनवर जनावराचं वजन विचारतील, काय खाल्लं, किती, किती वाजता हे विचारतील. "थोडंसं पीपल फूड" असं मोघम सांगू नका. शिरा, त्यात बेदाणे, असं पदार्थ उलगडून सांगा, चिंच असेल तर टॅमरिंड म्हणा. लाजून काही लपवू नका, तिथे कुणी रागावत नाही. शिऱ्यात बेदाणे नेमके किती घातले होते, हे आजीलाच विचारा. तिला आकडा आठवत असतो.